पंचवटीची आजी आणि सिनेमातला प्रोफेसर

डॅलसहून एका ताईंचं पत्र आलं आहे. माहेर पंचवटीतलं, हिंदू. सासर शरणपूरचं, ख्रिस्ती. मुलगा चौदा वर्षांचा, मुलगी नऊ वर्षांची. सासूबाई नाशिकहून काही महिन्यांसाठी त्यांच्याकडे राहायला आल्या आहेत. दर शुक्रवारी चर्चच्या गटातली कुटुंबं कुणा एकाच्या घरी जमतात, जेवणं होतात आणि मग सगळ्यांसाठी ख्रिस्ती सिनेमा लावला जातो. हल्ली मुलगा यायलाच तयार नसतो. ‘पहिल्या दहा मिनिटांत शेवट कळतो,’ म्हणतो. सासूबाईंना वाटतं, पोराचा विश्वास डळमळतोय. त्यात एका शुक्रवारी घरी परतताना गाडीत त्यानं विचारलं, ‘आई, पंचवटीची आजी पण त्या सिनेमातल्या प्रोफेसरसारखीच का?’ ताई लिहितात, मला उत्तर सुचलं नाही. मुलाला जबरदस्तीनं न्यावं का, आणि घरी काय दाखवावं, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

ताई, जबरदस्ती करू नका. तुमच्या मुलाचा विश्वास डळमळलेला नाही. त्याला गोष्टीतला खोटेपणा ओळखता येऊ लागलाय, आणि या वयात ते यायलाच हवं. सासूबाईंनाही हे सांगा, पण प्रेमानं. त्यांची काळजी खरी आहे.

आता आजीचा प्रश्न, कारण तोच सगळ्यात मोठा आहे. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून तो सिनेमा २०१४ सालचा ‘गॉड्स नॉट डेड’ असावा. त्यातला नास्तिक प्रोफेसर वर्गातल्या मुलांकडून ‘देव मेला आहे’ असं लिहून घेतो. एक विद्यार्थी नकार देतो, वाद रंगतो आणि प्रोफेसर हरतो. तेवढ्यानं भागत नाही. शेवटी पावसात गाडी त्याला उडवते आणि रस्त्यावर मरता मरता तो प्रभूला स्वीकारतो. त्याच सिनेमात एक मुस्लिम बाप आहे, आणि मुलगी ख्रिस्ती झाली म्हणून तो तिला मारून घराबाहेर काढतो. विश्वास न ठेवणारा किंवा दुसऱ्या धर्माचा माणूस एकतर दुष्ट किंवा आतून मोडलेला, तिसरा प्रकारच नाही. ज्यांच्या नात्यागोत्यात सगळे एकाच चर्चचे असतात त्यांना यात काही खटकणार नाही. पण तुमच्या मुलाची एक आजी रोज रामाचं नाव घेते आणि नातवाच्या परीक्षेच्या दिवशी देवापुढे दिवा लावते. त्यानं त्या सिनेमात तिची जागा शोधली आणि त्याला प्रोफेसरची खुर्ची दिसली. त्याला स्पष्ट सांगा की आजी तशी नाही, आणि ज्यानं तो प्रोफेसर लिहिला त्यानं माणूस नीट पाहिलेला नाही. हे सांगितल्यानं तुमच्या सासरच्या श्रद्धेचा अपमान होत नाही. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत गर्दी होते, तिच्यात सगळ्या धर्मांची माणसं रांगेत उभी असतात हे सासूबाईंनी स्वतः पाहिलेलं आहे. नातवाला ते त्यांनीच सांगू दे.

ख्रिस्ती सिनेमा निराश करतो त्याचं दुसरं कारण म्हणजे प्रार्थनेचं बक्षीस. जॉर्जिया राज्यातल्या अल्बनी गावच्या एका बॅप्टिस्ट चर्चनं आपल्याच सभासदांना घेऊन सिनेमे काढले. त्यातला ‘फेसिंग द जायंट्स’ २००६ सालचा. सतत हरणाऱ्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक देवाकडे वळतो. मग संघ स्पर्धा जिंकतो, मूल न होणाऱ्या बायकोला दिवस जातात आणि दारात नवीकोरी गाडीसुद्धा येते. करणाऱ्यांची भावना शुद्ध आहे, मला त्यात शंका नाही. पण शरणपूरच्या चर्चमध्ये वर्षानुवर्षं गुडघे टेकूनही जिची कूस उजवली नाही, अशी एखादी बाई सासूबाईंच्या ओळखीत नक्की असेल. तिच्या प्रार्थनेत काय कमी होतं? या प्रश्नाला त्या सिनेमापाशी उत्तर नाही. तुमच्या मुलाला शेवट आधीच कळतो तो यामुळेच. जिथे विश्वासाची किंमतच मोजावी लागत नाही, तिथे पुढे काय होणार याची उत्सुकता कुठून येणार?

त्याच मंडळींचा २००८ सालचा ‘फायरप्रूफ’ मात्र मी सरसकट नाकारणार नाही. सुमारे पाच लाख डॉलरमध्ये झालेल्या या सिनेमानं तीन कोटी डॉलरच्या वर कमाई केली. अभिनय कच्चा आहे. तरी त्यात एक प्रसंग आहे: संसार मोडायला आलेला अग्निशामक दलाचा जवान घरातला कॉम्प्युटर अंगणात नेऊन बॅटनं फोडतो, कारण त्यावर तो जे पाहत बसतो त्यातून त्याला सुटायचं आहे. आपल्या मंडळीत या विषयावर पुरुष एकमेकांशी चकार शब्द काढत नाहीत. तुम्ही दोघांनी तो एकदा पाहा. नऊ वर्षांची मुलगी झोपल्यावर.

मुलासोबत सुरुवात करायची तर ‘चॅरियट्स ऑफ फायर’पासून करा. १९८१ सालचा, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळवलेला. एरिक लिडेल हा स्कॉटिश धावपटू १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत उतरत नाही, कारण प्राथमिक फेरी रविवारी आहे. पुढे चारशे मीटरमध्ये तो सुवर्णपदक जिंकतो. सिनेमात त्याला ही बातमी बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात ती त्याला कित्येक महिने आधी ठाऊक होती आणि त्याचा निर्णय तेव्हाच झाला होता. हे मुलाला मुद्दाम सांगा. ऐन वेळच्या धक्क्यापेक्षा महिनोन्‌महिने एका निर्णयावर टिकणं कठीण असतं. पण हा सिनेमा सुचवण्यामागे माझं खरं कारण वेगळं आहे. त्यात दुसरा नायक आहे, हॅरल्ड अब्राहम्स. तो ज्यू आहे. लिडेलला मोठं करण्यासाठी त्याला कुठेही लहान केलेलं नाही; त्याची चिडचिड, त्याचा एकटेपणा, त्याचं जिंकणं, सगळं तितक्याच मायेनं दाखवलं आहे. दुसऱ्या धर्माचा माणूस असा पूर्ण उभा राहिला की पंचवटीच्या आजीलाही त्या पडद्यावर जागा मिळते. लिडेल पुढे मिशनरी म्हणून चीनला गेला आणि १९४५ साली जपान्यांच्या छावणीत कैदेत असतानाच वारला, हेही सांगायला विसरू नका.

आणखी एक-दोन वर्षांनी ‘ऑफ गॉड्स अँड मेन’ दाखवा. फ्रेंच आहे, २०१० सालचा, आणि त्यात हिंसा आहे म्हणून आत्ताच नको. अल्जीरियातल्या डोंगरात, मुस्लिम गावाच्या शेजारी राहणाऱ्या मठवासीयांची ही खरी हकिकत आहे. त्यांच्यातला म्हातारा वैद्य रोज गावकऱ्यांना तपासतो, औषध देतो, पोरींच्या प्रेमाच्या चौकशाही ऐकून घेतो. यादवी पेटते आणि निघून जायचं की राहायचं यावर मठात वाद होतो. कुणी घाबरलेला, कुणी रागावलेला, कुणाला रात्री प्रार्थनाच सुचत नाही. शेवटी सगळे राहायचं ठरवतात. मग एका रात्रीच्या जेवणाला टेपवर चायकोव्हस्कीचं संगीत लागतं, वाइनच्या दोन बाटल्या उघडतात आणि कॅमेरा एकेका म्हाताऱ्या चेहऱ्यावरून हळूहळू फिरतो. आधी हसू, मग डोळ्यांत पाणी. कुणी एक शब्द बोलत नाही. प्रत्यक्षात १९९६ साली त्यांच्यातल्या सात जणांना पळवून नेण्यात आलं आणि ते परत आले नाहीत. प्रार्थनेनं त्यांना वाचवलं नाही, तरी त्यांची प्रार्थना वाया गेली असं पाहणाऱ्याला क्षणभरही वाटत नाही. मला ख्रिस्ती सिनेमाकडून हेच हवं असतं.

सासूबाईंना उपासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, ‘पॅशन ऑफ द क्राइस्ट’ सगळ्यांनी मिळून पाहावासा वाटतो, असंही तुम्ही लिहिलं आहे. मुलांना नको. २००४ सालच्या त्या सिनेमात पात्रं अरामी, हिब्रू आणि लॅटिन बोलतात, त्यामागची मेहनत थोर आहे, पण फटक्यांचे आणि रक्ताचे प्रसंग इतके लांबलेत की डोंगरावरचं प्रवचन करणारा येशू त्यात झलकेपुरता उरतो. त्याऐवजी १९६४ सालचा पाझोलिनीचा ‘द गॉस्पेल अकॉर्डिंग टू सेंट मॅथ्यू’ लावा. दिग्दर्शक स्वतः श्रद्धाळू नव्हता. त्यानं दक्षिण इटलीतल्या साध्या गावकऱ्यांना उभं केलं, म्हातारपणीच्या मरियेच्या भूमिकेत स्वतःच्या आईला घेतलं आणि येशूच्या तोंडी मत्तयाच्या शुभवर्तमानातलीच वाक्यं ठेवली. मराठी बायबल सासूबाईंच्या मांडीवर असू द्या. मत्तयाचा पाचवा ते सातवा अध्याय, म्हणजे ते डोंगरावरचं प्रवचन, त्यांना बहुधा पाठच असेल. पडद्यावर इटालियन चालू असताना नातवंडांना त्या मराठीत सांगतील.

तुमच्या माहेर-सासरचा एक दुवा सिनेमातच आहे, तो मुलांना ठाऊक असायला हवा. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यातूनच १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ झाला. पुढच्या सुट्टीत पांडवलेण्याच्या पायथ्याशी फाळके स्मारकात मुलांना न्याल तेव्हा ही गोष्ट तिथेच सांगा.

आणि शुक्रवार सगळेच सिनेमाला देऊ नका. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. नवऱ्यानं १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं, त्या दूर राहिल्या, भांडल्या. एका रात्री विचार करता करता त्यांना पटलं की जातिभेद माणसानं केलेला आहे, आणि त्यानंतर त्यांनी १९०० साली स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हिंदू नातेवाइकांना कुठेही काळ्या रंगात रंगवलेलं नाही, आणि रेव्हरंड टिळकांनाही देवदूत केलेलं नाही. विजया मेहतांनी यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला होता. मिळाला तर जरूर पाहा. नाहीतर पुस्तकच घ्या. शांता गोखल्यांचा इंग्रजी अनुवाद २०१७ साली आला आहे, तो मुलाच्या हाती द्या आणि मराठी प्रत सासूबाईंच्या. एक प्रकरण त्यांनी मोठ्यानं वाचावं, अडेल तिथे मुलानं इंग्रजीत पाहावं. गटात तुमच्याकडे जेवणाची पाळी येईल त्या शुक्रवारी हेच करून बघा, आणि त्यानंतरचा सिनेमा निवडायचं काम मुलाकडे सोपवा. त्यानं काय निवडलं ते मला जरूर कळवा.