स्पायना बायफिडाचं (पाठीचा कणा गर्भात नीट न मिटल्याचा दोष) ऑपरेशन झालेल्या मुलीची लघवी सतत थेंबथेंब गळते. मग लघवी काढायला नळी कशाला घालायची?

लंगोट सतत ओला म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय, असं वाटणं साहजिक आहे. पण बऱ्याचदा मूत्राशय तुडुंब भरलेलं असतं आणि वरचं तेवढं सांडत असतं. पाठीवरची गाठ ऑपरेशनने बंद झाली तरी तिथल्या नसांना गर्भातच झालेली इजा भरून येत नाही. पाय, शी आणि लघवी याच नसांवर चालतात. पाय छान हलताहेत म्हणून मूत्राशयही ठीक असेल, असं धरून चालू नका.

सगळ्यांचं लक्ष पायांकडे जातं; मला काळजी किडनीची वाटते. मूत्राशय आकुंचन पावताना खालचा स्नायू सैल पडायला हवा. तो आवळलेलाच राहिला तर आतला दाब वाढतो, लघवी उलटी वर चढते आणि किडनी हळूहळू खराब होते. दुखत काहीच नाही, त्यामुळे सोनोग्राफी आणि युरोडायनॅमिक टेस्टशिवाय (मूत्राशयातला दाब मोजणारी तपासणी) कळत नाही. पोट दाबून लघवी काढायला कुणी सांगितलं तर कृपया करू नका, त्याने दाब आणखी वाढतो.

नळीने इन्फेक्शन होईल ही भीती प्रत्येक आईला असते. १९७२ मध्ये जॅक लॅपिडीस या अमेरिकी युरॉलॉजिस्टने दाखवून दिलं की नळी निर्जंतुकच हवी असं नाही, स्वच्छ हवी. इन्फेक्शन मुख्यतः तुंबलेल्या लघवीमुळे होतं. हात साबणाने धुवा, नळीच्या टोकाला जेली लावा. मुलीचं लघवीचं छिद्र योनीच्या जरा वर, समोरच्या बाजूला असतं. धार सुरू झाली की नळी किंचित आत सरकवा, धार थांबली की सावकाश बाहेर काढा. मध्येच पुन्हा आली तर तिथेच थांबा. हे साधारण दर ३-४ तासांनी करायचं. तान्ह्या बाळाला बहुधा ६ नंबरची नळी लागते, पण नंबर आणि वेळा तुमचे डॉक्टरच ठरवतील. पहिल्यांदा नर्सच्या समोर करून बघा.

नळी, हातमोजे लॅटेक्सचे नकोत, फुगेही नकोत. या मुलांना त्याची गंभीर अ‍ॅलर्जी होऊ शकते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं.

लघवी गढूळ आणि ताप असेल तर त्याच दिवशी तपासणी करा. डोक्यात शंट (मेंदूत साठणारं पाणी वाहून नेणारी नळी) बसवलेला असेल आणि वारंवार उलट्या, जास्त झोप, टाळू फुगलेली किंवा नजर खाली वळलेली दिसली, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.