पुण्याची सहावी डिव्हिजन दोन्ही महायुद्धांत लढली होती का?

क्रमांकापुरते पाहिले तर होय. पण १९१४ साली मुंबई इलाख्यातून गेलेली डिव्हिजन १९१६ मध्ये इराकमधील कुत येथे संपली आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच क्रमांकाने उभी राहिलेली डिव्हिजन वेगळी होती, असे माझे मत आहे.

भारतातील सरसेनापती किचनर यांच्या सैन्य-पुनर्रचनेतून घडलेल्या या डिव्हिजनच्या तीन ब्रिगेड पुणे, अहमदनगर आणि बेळगाव यांच्या नावांनी ओळखल्या जात, आणि त्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती इराकच्या किनाऱ्यावरील फाओला उतरली आणि त्याच महिन्यात बसरा तिच्या हाती आले. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस कुर्नाच्या उत्तरेला, पुराच्या पाण्यातील तुर्की ठाण्यांवर सैनिकांनी स्थानिक होड्या काठ्यांनी रेटत हल्ला केला. डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड यांनी नंतर अमारा आणि कुतही घेतले. मात्र रसद आणि दवाखान्यांची पुरेशी तजवीज नसताना बगदादकडे कूच झाली, आणि २२ नोव्हेंबर १९१५ पासूनच्या, बगदादजवळच्या टेसिफोनच्या लढाईत सुमारे ४,६०० जण ठार वा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या खटाऱ्यांतून नदीपर्यंत आणावे लागले.

कुतचा वेढा ७ डिसेंबरला पडला. विमानांतून टाकलेल्या मालात दळणासाठी जात्याचे दगडही होते, यावरून आतली अवस्था कळते. घोड्याचे मांस खाण्यास अनेक भारतीय सैनिकांनी नकार दिला. धर्मगुरूंची परवानगी आली तरी गावी परतल्यावर जातीबाहेर टाकले जाण्याची भीती सुटेना, आणि स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) पसरला. या नकारावर पराभवाचे खापर फोडणे मला अन्यायाचे वाटते, कारण मूळ चूक वरिष्ठांची होती. १९१७ च्या चौकशी आयोगाने भारत सरकारवर ठपका ठेवला आणि ब्रिटिश मंत्रिमंडळातील भारतमंत्री चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण आले आणि सुमारे १३,००० जण कैद झाले. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. सैनिकांना मात्र वाळवंटातून पायी नेण्यात आले, अनेकांना रेल्वेच्या कामाला जुंपले गेले आणि हजारो जण मेले.

नवी सहावी डिव्हिजन मार्च १९४१ मध्ये सिकंदराबादला उभारली गेली. तिने इराक व इराणमध्ये मुख्यतः तेल आणि रसदमार्गांचे रक्षण केले, मोठी लढाई तिच्या वाट्याला आली नाही आणि १९४४ मध्ये ती मोडण्यात आली.

खरे सातत्य शोधायचे असेल, तर ते पलटणींत आहे. ११० वीची वारस असलेल्या, मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचे नायक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या, आणि १०३ वीची वारस असलेल्या पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या इटलीतील लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर देण्यात आला.