मॅनेजरच्या कोचिंगने कर्मचाऱ्यांमध्ये खरंच फरक पडतो का? आमच्या कंपनीत असा कार्यक्रम सुरू होतोय.

पडतो. पण वर्षातून एकदा हॉटेलात नेऊन स्लाइड दाखवणार असतील तर नाही पडत.

मी भोसरीत एका जॉबवर्कच्या शॉपमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये, सीएनसी लेथवर (कॉम्प्युटरवर चालणारं, धातू कातायचं मशीन) होतो. पहिल्या शिफ्टला मशीन थंड असतं, तापत जाईल तसं बोअरचं, म्हणजे भागातल्या भोकाचं, माप सरकतं. आधीचे सुपरवायझर यायचे, "हो बाजूला" म्हणून स्वतः ऑफसेट मारायचे, म्हणजे मशीनला मापाची दुरुस्ती द्यायचे, आणि निघून जायचे. थोड्या वेळाने माप पुन्हा बाहेर, आणि शिव्या आम्हाला. नंतर आलेले फोरमन हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. म्हणाले, "ऑफसेटला हात लावू नकोस. सलग पाच जॉब काढ, गेज लावून माप घे, कागदावर लिही. मग सांग काय दिसतंय." लिहिल्यावर दिसलं, माप एकाच दिशेने चाललंय. मी म्हटलं, आधी स्पिंडल रिकामा फिरवून मशीन तापवू का? "तापव की," एवढंच बोलले. रिजेक्शन घटलं ते सोडा, त्यानंतर ऑफसेट द्यायला मी कुणाची वाट पाहिली नाही.

गूगलने २००८ साली चांगला मॅनेजर कशाने होतो हे शोधायला प्रोजेक्ट ऑक्सिजन सुरू केला. त्यातून आठ गोष्टी निघाल्या. पहिली, चांगला कोच असणं. तांत्रिक कौशल्य आठवं. पहिलं पटतं, आठवं नाही. ज्याला गेज धरता येत नाही तो शॉपवर काय कोचिंग करणार, कपाळ?

आमचे प्रॉडक्शन मॅनेजर म्हणायचे, "शाळा काढलीय का इथं? शिकवलं की पोरं चाकणला पळतात." पळतातच. तिकडे पगार जास्त आणि न्यायला बस येते. शिकवण्याचा काय संबंध? पुढे फोरमनना शिकवायची बंदी झाली, तरी पोरं जातच राहिली. वर सेटर, म्हणजे मशीनची सेटिंग करणारे, बाहेरून जादा पगारावर आणावे लागले.

हां, अगदी नवख्याला प्रश्न विचारत बसू नका, सरळ दाखवा. आणि सेफ्टीच्या बाबतीत कसलं कोचिंग, तिथे हुकूमच. पगार तुंबवून कोचिंग करणार असाल तर राहूच द्या.

तुमच्या एचआरला एवढंच विचारा, शिकवण्यात गेलेला अर्धा तास फोरमनच्या टार्गेटमधून वजा करणार का? हेच मी आमच्या साहेबांना तोंडावर विचारलं होतं. पुढच्या आठवड्यापासून मला कायमची रात्रपाळी.