ड्रायव्हर शोधू नका, चिपची भावकी शोधा

वाचकांचे प्रश्न, कराडच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याची उत्तरं

प्रश्न : वडिलांकडे रेडमी नोट 4 आहे, 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेजवाला. 2017 साली घेतला. अजून धडधाकट आहे, पण कंपनीने अँड्रॉइड 7 च्या पुढे काही दिलं नाही. पेन्शनसाठी हयातीचा दाखला घरबसल्या काढायचं ॲप त्याच्यावर चालत नाही, म्हणून नवं अँड्रॉइड टाकायचं मनात आहे. एका व्हिडिओत सांगितलंय की आधी 'ॲड्रेनो ग्राफिक्स ड्रायव्हर'ची झिप फ्लॅश करा (म्हणजे फोनच्या मेमरीत थेट लिहा) आणि मग रॉम, म्हणजे अख्खं नवं अँड्रॉइड, टाका. टेलिग्रामवर अशा ढीगभर झिप सापडल्या. नेमकी कोणती घ्यावी? आणि कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर जसा कंपनीच्या साइटवर मिळतो, तसा फोनचा का मिळत नाही?
— एक शिक्षक, बार्शी

उत्तर : सर, त्यातली एकही घेऊ नका.

आधी 'का मिळत नाही' ते सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल. तुमच्या फोनातली चिप आहे स्नॅपड्रॅगन 625 आणि तिच्या पोटातला ग्राफिक्सचा भाग म्हणजे ॲड्रेनो 506. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमला तो भाग चालवू देणारं सॉफ्टवेअर, एका तुकड्यात नसतो. एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात, असतो. कर्नलचा परवाना जीपीएल, म्हणजे मूळ कोड उघडा ठेवायला लावणारा, असल्यामुळे तो भाग उघडा आहे, कोणीही वाचावा. दुसरा भाग व्हेंडर फोल्डरमध्ये 'ईजीएल' नावाच्या कप्प्यात तयार फाइलींच्या रूपात असतो, नावाच्या शेवटी 'ॲड्रेनो' लिहिलेल्या. हा भाग बंद. त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, ही चिप बनवणारी क्वालकॉम कंपनी कोणाला देत नाही. आमच्या धंद्यात अशा बंद फाइलींना ब्लॉब म्हणतात. शिवाय जीपीयू, म्हणजे हा ग्राफिक्सचा भाग, सुरू होताना लागणारं फर्मवेअर, म्हणजे त्याचं आतलं छोटं सॉफ्टवेअर, वेगळंच. हे सगळे एकमेकांच्या ओळखीचे असावे लागतात. कर्नल एका पिढीचा आणि ब्लॉब दुसऱ्या पिढीचे झाले, की फोन लोगोवर अडकतो. कधी चालू होतो, पण पडदा काळा राहतो आणि कुलूप उघडल्याचा आवाज मात्र येतो. गॅलरीतले फोटो हिरवे दिसणं हेही त्यातलंच. आणि झिप टाकणारा मुलगा व्हिडिओत हे दाखवत नाही.

विंडोजमध्ये ग्राफिक्स कार्ड आणि सिस्टिम यांच्यातला व्यवहार ठरलेला असतो, म्हणून एकच ड्रायव्हर हजार तऱ्हेच्या कॉम्प्युटरवर बसतो. अँड्रॉइडमध्ये अशी वाटणी नीट झाली ती 2017 मध्ये, अँड्रॉइड 8 बरोबर. तिला प्रोजेक्ट ट्रेबल म्हणतात. तुमचा फोन मार्शमेलो, म्हणजे अँड्रॉइड 6, घेऊन बाजारात आला, म्हणजे त्या वाटणीच्या आधीचा. प्ले स्टोअरवरून ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करायची सोय तर क्वालकॉमने डिसेंबर 2019 मध्ये स्नॅपड्रॅगन 865 साठी जाहीर केली. तुमच्या 625 ला त्याचा काही उपयोग नाही.

बरं, या ब्लॉबच्या टंचाईचा फटका मोठमोठ्यांना बसला आहे. 2013 मध्ये गूगलचा दुसरा नेक्सस 7 आला. त्याच्या ग्राफिक्सच्या फाइली जाहीर करायला परवानगी मिळेना. अँड्रॉइडच्या खुल्या सोर्सचं काम सांभाळणारे ज्याँ-बातिस्त केरू तेव्हा पद सोडून गेले. त्यांचं म्हणणं असं होतं, की आपल्याच कंपनीच्या नव्या टॅबलेटवर जीपीयूअभावी होम स्क्रीनपर्यंत पोचता येत नसेल, आणि जे आपल्या हातात नाही त्याचे बोल आपल्यालाच बसत असतील, तर सांभाळायचं काय? पुढे गूगलने नेक्सस आणि पिक्सेलच्या अशा फाइली आपल्या साइटवर ठेवल्या. कंपनीच्या साइटवर रीतसर मिळणारा फोनचा ड्रायव्हर म्हटलं, की मला तेवढीच जागा आठवते. पण त्याही त्या-त्या फोनच्या त्या-त्या आवृत्तीपुरत्याच.

आता तुमच्या कामाचं. नोट 4 ला अधिकृत अँड्रॉइड 8 आलं नाही, हे खरं. पण 625 ही चिप एकट्या नोट 4 मध्ये नव्हती. 2017 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या शाओमी मी ए1 मध्ये हीच चिप होती आणि अँड्रॉइड वन या गूगलच्या योजनेतला फोन असल्यामुळे त्याला अधिकृत अँड्रॉइड 9 मिळालं. 2018 मधल्या मी ए2 लाइटमध्येही हीच, आणि त्याला तर अँड्रॉइड 10 पर्यंत मिळालं. तो फोन भारतात विकायला नव्हता, पण त्याचा जुळा भाऊ रेडमी 6 प्रो आपल्याकडे होता. म्हणजे ॲड्रेनो 506 चे अँड्रॉइड 9 आणि 10 च्या काळातले ब्लॉब कंपनीनेच बनवून घेतलेले आहेत. फक्त ते भावकीच्या घरात आहेत. रॉम बनवणारे करतात काय, तर तिथून ते उचलतात आणि त्यांच्याशी पटणारा कर्नल नोट 4 साठी बांधतात.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कोणत्याही चांगल्या रॉमच्या सोर्समध्ये जा. प्रत्येक फोनच्या फोल्डरमध्ये 'प्रोप्रायटरी फाइल्स' अशी एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात बंद फाइलींची ओळीने यादी असते: कॅमेरा, ऑडिओ, जीपीएस वगैरे. 'ॲड्रेनो' किंवा 'ग्राफिक्स' असा मथळा शोधा. त्या मथळ्यातच बऱ्याचदा लिहिलेलं असतं, की या फाइली अमुक फोनच्या तमुक आवृत्तीतून घेतल्या. दुकानात कोणी अनोळखी रॉम घेऊन आला, की मी आधी ती ओळ बघतो. ती ओळ नसेल, किंवा चिपच दुसरी निघाली, तर मी फोनला केबल लावत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की ड्रायव्हर रॉमच्या आतच येतो. वेगळी झिप लागत असेल तर तो रॉम अर्धवट आहे. लिनिएजओएस या खुल्या रॉमच्या विकीवर तुमच्या फोनचं पान शोधा, सांकेतिक नाव 'मिडो'. हे नाव पाठ करा. कारण चीनमध्ये रेडमी नोट 4 याच नावाने मीडियाटेक हेलिओ एक्स20 चा फोन विकला गेला. त्याचं सांकेतिक नाव 'निकेल', आणि त्यात ॲड्रेनो नाही, माली नावाचा दुसराच जीपीयू आहे. टेलिग्रामवरच्या झिपांत दोन्हींची खिचडी असते. बॅटरीतसुद्धा तोच घोळ: तुमची बीएन43, त्याची बीएन41. आमच्याकडचे काही होलसेलवालेही चुकीची पाठवतात.

रॉम टाकल्यावर ड्रायव्हर खरंच बसला का, हे बघायला एडा64 ॲप पुरे. तिथे ओपनजीएलची ओळ येते: क्वालकॉम, ॲड्रेनो 506, ओपनजीएल ईएस 3.2 आणि पुढे व्ही, ॲटचं चिन्ह, एक आकडा. तो आकडा ड्रायव्हरची आवृत्ती. त्या ठिकाणी 'स्विफ्टशेडर' असं नाव दिसलं, तर समजा की जीपीयू झोपलाय आणि सगळी चित्रं प्रोसेसर एकटा काढतोय. फोन पाच मिनिटांत तापेल.

टाकायची रीत थोडक्यात. बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करून देणारा कुलूपबंद भाग, उघडणाऱ्या शाओमीच्या अनलॉक टूलसाठी विंडोजचा कॉम्प्युटर, मी अकाउंट आणि वाट बघायची तयारी लागते. अनलॉक करताना फोन कोरा होतो, तेव्हा फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी घ्या. कंपनीच्या शेवटच्या अधिकृत आवृत्तीवर फोन आणून ठेवा, म्हणजे मोडेमचं, म्हणजे नेटवर्क सांभाळणाऱ्या भागाचं, फर्मवेअर जागेवर असेल. मग रिकव्हरी (रॉम टाकायला लागणारी छोटी सिस्टिम), मग रॉम. पुढचं विकीच्या पानावर पायरीपायरीने आहे, ते सोडून कोणाचा व्हिडिओ बघू नका.

पण सर, हा सगळा खटाटोप हयातीच्या दाखल्यासाठी आहे ना? मग थांबा. चेहरा ओळखणारी आणि बँकेची ॲप्स फोनची सुरक्षा तपासतात. बूटलोडर उघडलेला दिसला की त्यातली बरीच अडून बसतात. म्हणजे ड्रायव्हर उत्तम बसेल, गाणी-बातम्या-व्हिडिओ झकास चालतील, आणि नेमका दाखलाच निघणार नाही. ही तपासणी चुकवायच्या युक्त्या आहेत, पण वडिलांच्या पेन्शनशी जोडलेल्या फोनवर मी त्या करणार नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. बँकेच्या शाखेत, पोस्टात किंवा सेवा केंद्रात बोटाचा ठसा देऊन दाखला निघतो. पोस्टमन घरी येऊनही काढून देतो. नोट 4 ला नवी बीएन43 घाला, हवं तर नवं अँड्रॉइडही घाला, पण दाखला पोस्टातूनच काढा.

प्रश्न : माझ्या मित्राच्या फोनवर इम्युलेटरमध्ये (दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपमध्ये) 'टर्निप' ड्रायव्हर निवडला की कॉम्प्युटरचे जुने गेम पळतात. माझ्याकडेही स्नॅपड्रॅगन 625 चाच फोन आहे, मोटो जी5 प्लस. माझ्या यादीत टर्निप टाकलं की ॲप बंद पडतं. रूट करावं का, म्हणजे फोनचा पूर्ण ताबा घ्यावा का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : नको रे बाबा. रूटने काही होणार नाही.

टर्निप ही मात्र खरोखर कौतुकाची चीज आहे. रॉब क्लार्क नावाच्या प्रोग्रॅमरने 2012 च्या सुमारास ॲड्रेनोचं काम बाहेरून निरखून, कंपनीच्या कागदपत्रांशिवाय, खुला ड्रायव्हर लिहायला घेतला. त्याचं नाव फ्रीड्रेनो. आज तो मेसा या खुल्या ग्राफिक्स प्रकल्पाचा भाग आहे आणि टर्निप त्याची व्हल्कन (गेम वगैरेंसाठी ग्राफिक्स चालवायची नवी पद्धत) शाखा. इम्युलेटर तो ड्रायव्हर स्वतःपुरता आपल्या पोटात उघडतो, फोनच्या मूळ फाइलींना हात लावत नाही. म्हणून मित्राला रूट लागलं नाही.

पण टर्निप ॲड्रेनो 600 मालिकेपासून पुढे आहे. तुझा 506. मित्राचा फोन बघ, 610, 618 असा काहीतरी आकडा निघेल. तुझ्या फोनवर कंपनीचाच ड्रायव्हर निवड आणि 2005 च्या आधीचे गेम खेळ. तेही काही कमी नाहीत.

प्रश्न : तुम्ही म्हणता कंपनीने आधार काढला की ड्रायव्हर मिळत नाही. मग फेअरफोन या डच कंपनीने जुन्या फोनला नवं अँड्रॉइड कसं दिलं? आपल्याकडच्या कंपन्या का देत नाहीत?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, चांगला पकडलात. फेअरफोन 2 हा 2015 चा फोन, चिप स्नॅपड्रॅगन 801. क्वालकॉमने त्या चिपला अँड्रॉइड 6 नंतर सोडून दिलं. त्याच पायी सोनीच्या एक्सपीरिया झेड3 ला नुगाची, म्हणजे अँड्रॉइड 7 ची, चाचणी-आवृत्ती मिळूनही शेवटी नुगा आलं नाही. याच घराण्यातली 800 चिप असलेला नेक्सस 5 देखील 6 वरच थांबला. फेअरफोनने मात्र 2018 मध्ये अँड्रॉइड 7 दिलं आणि 2021 मध्ये अँड्रॉइड 9, तेही गूगलच्या प्रमाणपत्रासह. त्यांनी लिनिएजओएसवाल्यांचं काम पाया म्हणून घेतलं, जुने ब्लॉब तेच ठेवले, त्यांच्या आणि नव्या अँड्रॉइडच्या मधला सांधा स्वतः जुळवला आणि गूगलच्या लाखो चाचण्या एकेक करून पार केल्या.

म्हणजे होतं. पण त्याला माणसं लागतात आणि पगार लागतो, आणि तो पैसा नव्या फोनच्या विक्रीतून येत नाही. दर दोन महिन्यांनी नवं मॉडेल काढणारी कंपनी तो का घालेल? मला विचाराल तर ग्राहकानेच घेताना विचारावं, किती वर्षं अपडेट देणार म्हणून. दुकानात येणारे कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतात. हा प्रश्न अजून तरी क्वचितच कोणी विचारतो.

प्रश्न : कपाटात 2013 चा मायक्रोमॅक्स कॅनव्हास एचडी आहे. नवं अँड्रॉइड टाकून स्वयंपाकघरात रेसिपी बघायला लावता येईल का?
— एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : नाही. त्यात मीडियाटेकची चिप आणि पॉवरव्हीआर एसजीएक्स544 जीपीयू आहे. पॉवरव्हीआरवाल्या इमॅजिनेशन कंपनीने 2022 मध्ये खुला ड्रायव्हर मेसात द्यायला सुरुवात केली, पण तो पुढच्या 'रोग' (Rogue) मालिकेसाठी. एसजीएक्स त्यात नाही. बॅटरी फुगली नसेल तर मेमरी कार्डावर व्हिडिओ भरा आणि आहे त्याच अँड्रॉइडवर ऑफलाइन बघा. मागचं झाकण जरा उचलल्यासारखं वाटलं, तर आधी बॅटरी बाहेर काढा. त्या फोनची ती हातानेच निघते.