पाच गुंठ्यांवरील दुमजली घराचा नकाशा अंतिम करताना काय तपासावे?

तुमचा प्रश्न असा आहे: साताऱ्याजवळ पश्चिमेला रस्ता असलेला पाच गुंठ्यांचा प्लॉट आहे, आई-वडील, तुम्ही दोघे आणि दोन मुले यांच्यासाठी सुमारे ३,२०० चौरस फुटांचे घर बांधायचे आहे, आर्किटेक्टने दिलेला नकाशा आवडला आहे, तरी काहीतरी खटकते आणि ते नेमके काय हे कळत नाही. मी अशाच घरांचे नकाशे तयार करण्याचे काम करतो. तुम्ही दिलेली मापे पाहून मला वाटते की तुमच्याकडे जागा भरपूर आहे, पण ती नको तिथे गेली आहे. म्हणून खोल्या एक-एक फुटाने वाढवण्याचा विचार आत्ता बाजूला ठेवावा आणि आधी जिना, न्हाणीघरे व येण्याजाण्याची वाट या तीन गोष्टी पक्क्या कराव्यात, कारण बाकीच्या खोल्या त्यांच्याभोवती सहज हलवता येतात, पण यांच्यापैकी एक हलवायची म्हटली की अख्खा नकाशा हलतो.

जिन्यापासून सुरुवात करतो. तुमच्या नकाशात पायरीची उंची साडेसात इंच आहे. राष्ट्रीय इमारत संहितेत निवासी जिन्याच्या पायरीसाठी १९० मिलिमीटरची कमाल मर्यादा आहे आणि तुमची पायरी जवळजवळ तेवढीच आहे, म्हणजे ती अगदी मर्यादेवरच आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र ती नकोशी होते. मजल्याची उंची दहा फूट धरली आणि पायरी सहा इंचांची ठेवली, तर वीस चढ होतात. मध्ये वळणाऱ्या जिन्याच्या दोन्ही टप्प्यांत प्रत्येकी दहा चढ, अकरा इंचांची पावठी (पाऊल ठेवायची जागा) आणि साडेतीन फुटांची रुंदी घेतल्यास मधला व वरचा चौथरा (थांबण्या-वळण्याची सपाट जागा) धरून जिन्याला सुमारे साडेसात बाय सव्वापंधरा फूट जागा लागते. तुम्ही साडेसहा बाय बाराच ठेवली आहे. उरलेली जागा कुठून आणायची, याचे उत्तर तुमच्याच वरच्या मजल्यावर आहे. तेथे चार फूट रुंद आणि सव्वीस फूट लांब पॅसेज आहे, म्हणजे १०४ चौरस फूट. संहितेनुसार राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्रफळ ९.५ चौरस मीटर, म्हणजे साधारण १०२ चौरस फूट असते. थोडक्यात, एक अख्खी खोली तुम्ही केवळ चालण्यासाठी बांधत आहात. जिना वरच्या फॅमिली रूममध्येच उघडला आणि तिन्ही बेडरूमची दारे त्या खोलीकडे वळवली, तर पॅसेजचा मोठा भाग आपोआप नाहीसा होतो.

आई-वडिलांची खोली तळमजल्यावर आहे, हे उत्तमच. तिला जोडलेले न्हाणीघर मात्र चार बाय सात फुटांचे आहे, आणि उद्या आधाराला दुसरे माणूस आत यावे लागले तर तिथे दोघांना वळताही येणार नाही. ते किमान पाच बाय आठ करावे, दाराची मोकळी रुंदी तीन फूट ठेवावी, दार बाहेर उघडणारे किंवा सरकते घ्यावे आणि तिथे उंबरा नसावा. चाकाच्या खुर्चीला जागच्या जागी वळायला सुमारे पाच फुटांचा घेर लागतो. ही खुर्ची बाहेरून घरात आणण्यासाठी लागणाऱ्या उताराचा विचारही आत्ताच करावा. जोते दोन फूट उंच असेल तर एकास बारा या प्रमाणाने चोवीस फूट लांबीचा उतार लागतो आणि एवढी लांबी नंतर ऐनवेळी सापडत नाही.

वरच्या मजल्यावरील एक न्हाणीघर स्वयंपाकघराच्या डोक्यावर आले आहे. ते आई-वडिलांच्या न्हाणीघरावर सरकवावे, म्हणजे दोन्हींचे पाइप एकाच डक्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, उतरतील आणि कधी गळती झालीच तर ती ओट्यावर टपकणार नाही. डक्ट माणूस आत शिरू शकेल एवढा रुंद ठेवावा. नकाशात वीतभर रुंदीचा डक्ट छान दिसतो, पण त्यात प्लंबरला हात घालता येत नाही.

आता पश्चिम बाजू. हॉलची मोठी काच रस्त्याकडे आहे, आणि मला सर्वांत जास्त आक्षेप इथेच आहे. साताऱ्याच्या अक्षांशावर दक्षिणेचे ऊन आवरणे सोपे असते: दोन फुटांचा छज्जा एप्रिलच्या दुपारी दक्षिणेची अख्खी खिडकी सावलीत ठेवतो आणि डिसेंबरमध्ये सूर्य खाली आला की त्याच खिडकीच्या खालच्या भागातून ऊन आत येऊ देतो. पश्चिमेला हा हिशोब चालत नाही, कारण दुपारी चारनंतर सूर्य छज्ज्याच्या खालून थेट आत येतो. शिवाय पावसाळ्यातील वाराही नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच येतो. म्हणून काच निम्मी करावी आणि तिच्यापुढे सहा-सात फूट खोल ओसरी काढावी. दारात येणारा पाऊसही तीच अडवेल. हॉलवरची दुमजली उंची मी रद्द करेन. अठरा बाय चोवीस म्हणजे ४३२ चौरस फूट वरची जागा त्यात जाते, पंखा टांगायला लांब दांडी लागते आणि खालच्या टीव्हीचा आवाज रात्री मुलांच्या खोल्यांपर्यंत पोचतो. हौसच असेल तर जिन्यापुरती उंची मोकळी ठेवावी.

स्वयंपाकघर आग्नेयेला हवे, हा वडिलांचा आग्रह मान्य करायला हरकत नाही. तिथे सकाळचे ऊन येते आणि वारा पश्चिमेचा असताना फोडणीचा वास घरात न पसरता बाहेर जातो. फक्त त्याला लागून भांडी-धुणी यांसाठी झाकलेली मोरी असावी. ती नकाशात दिसत नाही.

एवढे बदल झाले की आर्किटेक्टकडून पलंग, कपाटे आणि दारांचे पल्ले मापात दाखवलेला नकाशा मागून घ्यावा. त्यानंतर प्लॉटवर फक्कीने खोल्यांच्या रेषा मारून घ्याव्यात आणि आई-वडिलांना त्या रेषांमधून खोलीपासून न्हाणीघरापर्यंत चालायला सांगावे. उघड्या जमिनीवर खोल्या नेहमी लहानच भासतात, तेव्हा ते पाहून मापे वाढवू नका. वाटा आणि दारे तेवढी तपासा. हे सारे बांधकाम परवानगीचा अर्ज करण्यापूर्वी उरकावे, कारण मंजुरीनंतर जिना किंवा बाहेरची भिंत हलवायची तर सुधारित नकाशा पुन्हा मंजूर करून घ्यावा लागतो.