शामोनीला पहिल्यांदा जाताना

फ्रान्सच्या आल्प्समधल्या शामोनीत उतरल्या उतरल्या रोपवेकडे धावू नका. आधी चौकातला पुतळा नीट पाहा. इथलाच गिर्यारोहक बाल्मा हात उंचावून आल्प्समधलं सर्वांत उंच शिखर माँ ब्लाँ दाखवतोय, शेजारी जिनिव्हाचे शास्त्रज्ञ सोस्यूर. पण ८ ऑगस्ट १७८६ ला पहिल्यांदा शिखर गाठलं ते बाल्मा आणि डॉक्टर पाकार यांनी. सोस्यूर वर पोचले पुढच्या वर्षी. पाकारांचा पुतळा उभा राहायला १९८६ उजाडावं लागलं. हा अन्याय कळला की गाव वेगळं दिसू लागतं.

गावाचा कणा म्हणजे वाटाडे. १८२० मध्ये हिमस्खलनात तीन वाटाडे गेले आणि १८२१ मध्ये त्यांची संघटना झाली. कामं पाळीपाळीने वाटायची आणि संकटात सापडलेल्यांसाठी निधी ठेवायचा, हा तिचा पाया. शेतकरी-गुराख्यांचं गाव पर्यटनावर जगायला लागलं ते असं. १९०१ ची रेल्वे आणि १९२४ चं पहिलं हिवाळी ऑलिंपिक नंतरचं.

गावाच्या वर असलेल्या माँताँव्हेर या ठिकाणाहून हिमनदीकडे उतरताना वर्षं लिहिलेले फलक दिसतात. त्या त्या वर्षी बर्फ तिथवर होता. प्रत्येकापाशी थांबून खाली बघा.

एग्वी द्यु मिदी हे शिखर सकाळी लवकर करा, दुपारी ढग भरतात. रोपवे १,०३५ मीटरवरून ३,७७७ मीटरवर साधारण वीस मिनिटांत नेतो. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला वेळच मिळत नाही, म्हणून वर जिने सावकाश चढा. डोकं दुखलं, गरगरलं तर सरळ खाली या. उन्हाळ्यातही जाड जॅकेट हवंच.