काम स्वतःचं असलं तरी स्पॅम ठरू शकतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या बारामोटेच्या विहिरीवर स्वतः चित्रीकरण करून व्हिडिओ केला, कुठून काही उचललं नाही. लिंक जिल्ह्यातल्या चौदा ग्रुपांत टाकली, आठवड्याने "पाहिला नसेल तर" म्हणून परत टाकली. दोन ॲडमिननी स्पॅम म्हणून मला ग्रुपमधून रिमूव्ह केलं. माझ्याच कामाला स्पॅम कसं म्हणता?

व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. काम अस्सल आहे, मेहनतीचं आहे. पण स्पॅम ठरवताना काम कोणाचं हे बघतच नाहीत. किती ठिकाणी, किती वेळा आणि तिथल्या माणसांकडे न बघता टाकलं, हे बघतात.

हे आजचं नाही. एप्रिल 1994 मध्ये अमेरिकेतल्या दोन वकिलांनी ग्रीन कार्ड लॉटरीच्या कामाची जाहिरात युजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यात हजारो गटांत टाकली आणि मोठा गदारोळ झाला. त्या काळात स्पॅम मोजायला तिथे सेथ ब्राइडबार्ट यांच्या नावाचा एक निर्देशांक वापरात आला. एक संदेश जितक्या गटांत गेला त्या संख्येचं वर्गमूळ काढायचं आणि 45 दिवसांतल्या सगळ्या प्रतींची बेरीज करायची. ती 20 किंवा त्याहून जास्त झाली की संदेश रद्द करायला हरकत नाही. आत काय लिहिलंय, चांगलं की वाईट, याला त्यात जागाच नव्हती. एकच संदेश नऊ गटांना जोडून टाकला तर 3 धरत, कारण दोन-तीन गटांत असलेल्या वाचकालाही तो एकदाच दिसे. नऊ वेगळ्या प्रती टाकल्या तर पुरे 9. तुमच्या चौदा आणि चौदा वेगळ्या प्रती, म्हणजे 28.

आता आपल्याकडचं बघा. साताऱ्यात गड, विहिरी, वीरगळ यात रस असलेली माणसं तीच तीच. जो गडांच्या ग्रुपवर, तोच ट्रेकिंगच्या ग्रुपवर, तोच इतिहासाच्या. तुम्हाला चौदा ग्रुप दिसले. त्याला सकाळपासून एकच लिंक पाच-सहा वेळा दिसली, खाली ना एक ओळ, ना त्याच्या प्रश्नाला उत्तर. एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं की पावसाळ्यात खाली उतरता येतं का. तो प्रश्न तसाच पडून आहे. माझ्या मते तुम्हाला काढलं ते लिंकपेक्षा याच्यामुळे.

रेडिटवर पूर्वी एक ठोकताळा सांगत : दहा पोस्टींत स्वतःची एक. मला तो मोजून पाळण्यात अर्थ वाटत नाही. लोक नऊ वेळा "छान माहिती" लिहितात आणि दहावी लिंक चिकटवतात. त्यापेक्षा जिथे तुम्ही एरवीही वाचता, बोलता असे दोन-तीन ग्रुप निवडा आणि पोस्टमध्येच काहीतरी हातात द्या. उदाहरणार्थ, तुमच्या व्हिडिओत मला सगळ्यात आवडलं ते मोटांचं. विहीर शके 1641 ते 1646 मधली, म्हणजे इ.स. 1719 ते 1724, वीरूबाई भोसल्यांनी बांधलेली, आमराईच्या पाण्यासाठी. सोय पंधरा मोटांची, पण चालत बारा, असं सांगतात. मोटांच्या त्या जागांचे फोटो टाका, शेजारी चार ओळी लिहा, कुणाला अधिक माहिती असेल तर विचारा. लिंक सगळ्यात खाली. ज्याने ती उघडलीच नाही, त्यालाही काही मिळालं पाहिजे.

आणि "माझा व्हिडिओ" असं उघड लिहा. स्पॅम म्हणतील या भीतीने काही जण मित्राकरवी "एक सुंदर व्हिडिओ सापडला" म्हणून टाकतात. ते फार वाईट. एकदा कळलं की पुढच्या चांगल्या कामावरही कुणी विश्वास ठेवत नाही. आपल्या ग्रुपांवर नाव गाळून फिरणारे लेख कमी आहेत का? कॉपीराइट कायद्याचं (1957) कलम 57 आपलं काम आपलं म्हणण्याचा हक्क देतं. तो वापरा. ज्या ग्रुपच्या नियमांत स्वतःच्या लिंका चालत नाहीत असं लिहिलंय, तिथे मात्र आधी ॲडमिनला विचारायचं आणि नाही म्हणाले तर विषय सोडायचा.

त्या दोन ॲडमिनना प्रत्येकी एक साधा मेसेज करा : एकदम सगळीकडे टाकलं, पुन्हा तसं करणार नाही, लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आहेत. घेतलं तर ठीक. दुसऱ्या नंबरवरून शिरू नका.

पुढचा व्हिडिओ कराडच्या नकट्या रावळ्याच्या विहिरीवर करणार म्हणालात. तो पूर्ण व्हायची वाट बघू नका, आत्ताच इथे विचारायला लागा. कराडची बरीच मंडळी आहेत इथे, आणि मला स्वतःला तिथल्या मोटेच्या बांधणीबद्दल तुमच्याकडून ऐकायचंय.